छत उंच झालं की लाईटचं गणित का बदलतं?

उंच छताच्या हॉलमधे लाईट लावायचे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती वॉटचे घ्यायचे? खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो एवढंच, तो प्रकाश किती देतो ते लुमेनमधे मोजतात आणि त्यातला खाली किती पोचला ते लक्समधे, एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. जुना मेटल हॅलाईड दिवा एका वॉटला साधारण ७५ ते १०० लुमेन द्यायचा, आजचे बऱ्यापैकी एलईडी हाय-बे (उंच छतासाठी बनवलेले दिवे) १५० च्या आसपास देतात, त्यामुळे "आधी ४०० वॉटचे होते ना, मग आता पण ४०० चेच लावा" हा हिशोब कुठेच बसत नाही.

आता उंचीचं बघू. शाळेत व्यस्त वर्गाचा नियम शिकवतात, अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौपटीने कमी. एकच दिवा ४ मीटरवर टांगला आणि मग तोच ८ मीटरवर नेला तर बरोबर त्याच्या खालच्या जागेवर पाव प्रकाश उरतो, हे अगदी खरंय. पण इथूनच लोकांचा गोंधळ सुरू होतो, कारण त्यांना वाटतं की हॉलची उंची दुप्पट म्हणजे दिवे चौपट लागणार. तसं नसतं. प्रकाश हवेत विरघळून जात नाही, तो फक्त जास्त जागेवर पसरतो, आणि मोठ्या हॉलमधे एका दिव्याचा पसरलेला प्रकाश शेजारच्याच्या खाली पडतो आणि शेजारच्याचा याच्या खाली, त्यामुळे सरासरी लक्स थोडेच कमी होतात. खरा तोटा होतो तो भिंतींवर पडणाऱ्या प्रकाशाचा. म्हणून ४० बाय २५ मीटरचा हॉल उंच असला तरी चालून जातं, पण १० बाय १० ची जागा तेवढीच उंच असेल तर बराच प्रकाश भिंतीच उजळत बसतो, आणि भिंती गडद रंगाच्या असतील तर तो तिथेच संपला. पांढरा रंग मारणं हा लाईटिंगचाच खर्च धरावा असं माझं मत आहे, पण ते बजेट सहसा दुसऱ्याच माणसाकडे असतं.

याचं एक सोपं गणित आहे. हव्या असलेल्या लक्सला क्षेत्रफळाने गुणायचं, म्हणजे १००० चौरस मीटरवर २०० लक्स हवे तर २ लाख लुमेन खाली पोचायला पाहिजेत. पण दिव्यातून निघालेलं सगळं खाली पोचत नाही, त्यातला ८० टक्के पोचतो असं समजा, आणि धूळ बसून, दिवा म्हातारा होऊन अजून कमी होणार त्याचे पुन्हा ८० टक्के, म्हणजे ०.६४ ने भागायचं, आले ३,१२,५०० लुमेन. दिवा २०,००० लुमेनचा असेल तर १६ दिवे. पण ४० बाय २५ च्या हॉलमधे १६ दिवे चार-चारच्या ओळीत लावले तर एका बाजूने १० मीटर अंतर आणि दुसऱ्या बाजूने सव्वासहा, ते काही बरं नाही, त्यापेक्षा ६ बाय ३ असे १८ लावले की जाळी चौरसाच्या जवळ जाते. भिंतीपासून पहिल्या दिव्याचं अंतर दोन दिव्यांमधल्या अंतराच्या निम्मं ठेवायचं. आणि उंची मोजायची ती जमिनीपासून नाही, तर काम जिथे चालतं त्या टेबलाच्या पातळीपासून.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे बीम अँगल, म्हणजे दिव्याचा झोत किती अंशांत पसरतो ते. बॉक्सवर १२० अंश लिहिलेलं असतं आणि १० मीटर उंचीवरून त्याचं वर्तुळ काढलं तर व्यास येतो जवळपास ३५ मीटर, ६० अंशाचं येतं साडेअकरा मीटर. लोक म्हणतात वा, १२० वालाच घेऊ, एकात अख्खा हॉल. पण बीम अँगलची व्याख्याच अशी आहे की त्या कडेला प्रकाशाची तीव्रता मधल्यापेक्षा निम्मी झालेली असते, शिवाय कडेचा बिंदू दिव्यापासून दुप्पट लांब असतो आणि प्रकाश तिथे तिरका पडतो, हे सगळं गुणलं की १२० अंशाच्या दिव्याच्या कडेवर पडतो मधल्याच्या फक्त सोळावा भाग! म्हणजे ते ३५ मीटरचं वर्तुळ कागदावरच. उलट फार अरुंद बीम घेतला आणि दिवे लांब लांब ठेवले तर जमिनीवर उजेडाची बेटं तयार होतात, मधे अंधार, आणि एका बेटातून दुसऱ्यात जाताना डोळ्याला सतत जुळवून घ्यावं लागतं. शेल्फांच्या उंच रांगा असतील तर अजूनच वेगळं, तिथे वाचायचं असतं उभ्या पृष्ठभागावर, बॉक्सच्या लेबलवर, मग गोल दिव्यांपेक्षा गल्लीच्या लांबीने जाणारे लांबट दिवे जास्त कामाचे.

डोळे दिपणं हा वेगळा त्रास. सरळ खाली बघणाऱ्या माणसाला काही होत नाही पण फोर्कलिफ्टवाल्याला मान वर करून वरच्या कप्प्यात बघायचं असतं आणि तिथे त्याच्या नजरेत थेट एलईडीचे ठिपके येतात. एलईडीत प्रकाश अगदी छोट्या जागेतून निघतो म्हणून हे जास्त जाणवतं. डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारं दुधी झाकण) लावला की बरं वाटतं, थोडे लुमेन जातात, जाऊ द्यावे.

आता उष्णता. एलईडीच्या झोतात उष्णता नसते हे लोकांना माहीत असतं, पण त्याचा अर्थ दिवा थंड असतो असा नाही. पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्यातला काही प्रकाश पिवळा करणारा लेप (त्या निळ्या चिपसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं), आणि चांगल्या दिव्यातसुद्धा निम्मी किंवा त्याहून थोडी जास्त वीज उष्णताच होते. जुने दिवे बरीचशी उष्णता झोताबरोबर खाली फेकून द्यायचे, एलईडीची मात्र मागे धातूत उतरते आणि तिथून हवेत जाते. आणि उंच हॉलमधे गरम हवा कुठे साचते? बरोबर छताखाली, जिथे आपण दिवा टांगलाय. खाली माणसं आरामात असतात आणि वर पत्र्याखाली दुपारी भट्टी. चिप तरी टिकते, पण ड्रायव्हरमधले (एलईडीला हवी तशी वीज देणारं सर्किट) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात ना, त्यांचं आयुष्य दर १० अंशाला साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे. म्हणून "५०,००० तास" हा आकडा वाचताना जरा थांबा. तो बहुतेक वेळा चिपचा असतो, आणि त्याचा अर्थ तेवढ्या तासांनी प्रकाश ७० टक्क्यांवर येतो एवढाच, ड्रायव्हर तोपर्यंत जगेल असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं. दिवा छताला चिकटवू नका, थोडा खाली टांगा, त्याच्या मागच्या धातूच्या पात्यांमधून हवा फिरू द्या, आणि लेबलवर सभोवतालचं कमाल तापमान किती दिलंय ते बघा.

वायरिंगमधे दोन गोष्टी. एक, एलईडी ड्रायव्हर चालू होताना आतला कपॅसिटर एकदम भरतो आणि अगदी क्षणभर, एक मिलिसेकंदापेक्षा कमी वेळ, दहापट किंवा त्याहूनही जास्त करंट ओढतो. वीस दिवे एका स्विचवर असले की सगळ्यांचा झटका एकदमच आणि एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, मग लोक म्हणतात लोड तर कमी आहे मग पडतो कसा. एका एमसीबीवर दिवे कमी ठेवायचे, नाहीतर गट करून थोड्या थोड्या वेळाने चालू करायचे. दुसरं, थ्री फेज असेल तर शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर द्यायचे. एक फेज गेला तर हॉलचा एक सबंध भाग काळाकुट्ट होण्याऐवजी सगळीकडे थोडा थोडा उजेड कमी होतो. जुन्या दिव्यांच्या काळात याचा अजून एक फायदा होता, ५० हर्ट्झच्या विजेवर ते सेकंदाला १०० वेळा लुकलुकायचे आणि फिरतं चाक स्थिर दिसायचं, जे मशीनजवळ भयानकच, तीन फेजवर वाटले की हे बरंच कमी व्हायचं. चांगल्या एलईडी ड्रायव्हरला ही अडचण नाही, स्वस्तातल्याला असू शकते.

लुकलुकीचा एक प्रकार मात्र ड्रायव्हर बदलून जात नाही. मोठे मंद फिरणारे सीलिंग फॅन असतील आणि दिवा त्यांच्या वर असेल तर पातं दर वेळी प्रकाश कापतं आणि खाली सगळं लपलप करायला लागतं. फॅनच्या जागा आधी, मग दिव्यांची जाळी. स्प्रिंक्लरचंही तसंच, दिवा त्याच्या फवाऱ्याच्या आड आला तर आगीच्या वेळी पाणी पोचणार नाही.

टांगताना पत्र्याला नाही, स्ट्रक्चरला टांगायचं, आणि मुख्य हुकशिवाय वेगळी सेफ्टी वायर हवीच, कारण कंपनांनी बोल्ट सैल होतात. १० मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीवर येते ती ताशी ५० किलोमीटर वेगाने, मग तो दिवा असो की खिशातून निसटलेला स्क्रूड्रायव्हर, म्हणून वर नेलेली हत्यारंसुद्धा दोरीने बांधलेली पाहिजेत आणि खालची जागा रिकामी. शक्य तेवढी जोडणी जमिनीवरच उरकून वर फक्त हुक अडकवायचा आणि प्लग लावायचा असं ठेवलं तर सिझर लिफ्टवरचा (माणसाला वर नेणारा उचलता प्लॅटफॉर्म) वेळ खूप वाचतो, आणि पुढे कधी दिवा बदलायचा झाला की तेव्हाही. कनेक्टरवर कंजूषी करू नये.

सगळं लागलं की लोक वर बघतात आणि म्हणतात, मस्त झालं. पण डोळा हे लक्स मोजायला अत्यंत खोटारडं यंत्र आहे, भर उन्हातले १ लाख लक्स आणि पौर्णिमेचा लक्सच्या चौथ्या हिश्श्याएवढा उजेड दोन्ही तो सांभाळून घेतो, त्याला १५० आणि २०० मधला फरक काय कळणार. फोनचं अ‍ॅपही नको, तो सेन्सर स्क्रीनचा ब्राइटनेस ठरवायला असतो, तिरका येणारा प्रकाश नीट मोजत नाही आणि अशा हॉलमधे बराचसा प्रकाश तिरकाच येतो. एका दिवसासाठी भाड्याने का होईना खरा लक्समीटर आणा, टेबलाच्या उंचीवर धरा, दिव्याखाली आणि दोन दिव्यांच्या मधे असं दोन्हीकडे मोजा, आणि रात्री मोजा, नाहीतर खिडकीतला सूर्यसुद्धा आपल्या हिशोबात धरला जाईल.