शीतगृहातली अमोनियागळती ओळखणारे हिरवे धागे

"वास आला की कळतंच," असं बेदाण्याच्या शीतगृहांतली माणसं सांगतात. शीतगृह गार ठेवायला वापरतात त्या अमोनियाचा वास उग्र खरा, पण त्यात वावरता वावरता नाकाला सवय होते आणि हळूहळू वाढणारी गळती ध्यानातच येत नाही. आमचा सेन्सर याच गळतीसाठी आहे.

त्यातला महत्त्वाचा पदार्थ म्हणजे पॉलिअ‍ॅनिलीन, वीज वाहून नेणारं प्लॅस्टिक. (अशा प्लॅस्टिकच्या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) आम्लयुक्त पॉलिअ‍ॅनिलीन हिरवं असतं. अमोनिया त्यातले प्रोटॉन ओढून घेतो, तसा विद्युतरोध वाढतो आणि सर्किटला तो कळतो. हवा स्वच्छ झाली की रोध पुन्हा उतरतो.

जाड थरात वायू झिरपायला वेळ लागतो. म्हणून आम्ही सुमारे ५० नॅनोमीटर जाडीच्या धाग्यांची जाळी वापरतो. वायू तिच्या आरपार जातो आणि उत्तर लवकर मिळतं. असे धागे सोप्या रीतीने करता येतात, हे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हुआंग आणि केनर यांनी २००३ साली दाखवलं.

खरी मेख ओतण्यात आहे. अ‍ॅनिलीन (याच्याच रेणूंची साखळी म्हणजे पॉलिअ‍ॅनिलीन) आणि ते रेणू जोडायला लावणारं अमोनियम परसल्फेट, यांची आम्लातली द्रावणं थेंबथेंब मिसळली, तर तयार धाग्यांवर नवे थर चढत जाऊन गुठळ्या होतात. म्हणून दोन्ही एका झटक्यात मिसळायची, आणि मग भांड्याला हात लावायचा नाही. द्रावण आधी निळं, मग गर्द हिरवं होतं. धुतलेले धागे कंगव्यासारख्या एकमेकांत गुंतवलेल्या सोन्याच्या पट्ट्यांवर पसरतो.

आता मर्यादा. दमट हवेने रोध बदलतो, म्हणून शेजारी आर्द्रतामापक असतोच. सडक्या मासळीतून निघणारी अमाइन्सही (अमोनियाच्या जातकुळीतली संयुगं) याला अमोनियासारखीच वाटतात. हायड्रोक्लोरिक आम्लाने फरशी धुतली, तर त्या वाफेने रोध घटतो आणि गळती झाकली जाऊ शकते. त्या दिवशी आकड्यावर विसंबू नका.

आठ तासांच्या पाळीसाठी १९४८ च्या कारखाने कायद्यातली मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) होती. आमचा पहिला इशारा त्याच्या आत वाजतो. अमोनिया हवेपेक्षा हलका, म्हणून सेन्सर कॉम्प्रेसरच्या वर, छताजवळ लावा. मात्र द्रवरूप अमोनियाची नळी फुटली, तर थंड धुकं जमिनीलगत पसरतं. तिथे एक सेन्सर खालीही हवा, आणि इशारा वाजताच माणसं आधी बाहेर काढा.