थॅलेसेमियाच्या मुलांची साखर का वाढते?

बीटा थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाची साखर बाराव्या-तेराव्या वर्षी वाढलेली निघाली, की घरात पहिली गदा येते ती गोडावर. लाडू बंद, आंबा बंद, वाढदिवसाचा केकसुद्धा बंद. आजी म्हणत राहते, 'आमच्याकडे कुणालाच डायबेटिस नव्हता हो.' आजीचं बरोबरच असतं. हा मधुमेह वेगळ्या वाटेने येतो. मुलाला जगवण्यासाठी जे रक्त चढवावं लागतं, त्यातल्या लोहामुळे तो होतो.

थॅलेसेमियात हिमोग्लोबिनचा एक भाग असलेली बीटा साखळी बनत नाही, किंवा अगदीच नगण्य बनते. दोष अकराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात असतो. आई आणि वडील दोघेही 'मायनर', म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल 'मेजर', म्हणजे आजाराचं तीव्र रूप असलेलं, असण्याची शक्यता २५ टक्के. मायनर माणसाला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो, त्यामुळे लग्नाआधी तपासणी केली नाही तर कुणाला पत्ताही लागत नाही. सिंधी, कच्छी, लोहाणा, पंजाबी कुटुंबांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे. त्यामुळे उल्हासनगर-मुंबई पट्ट्यातल्या डॉक्टरांना हा आजार चांगला परिचयाचा आहे. पण इतर समाजांत तो नसतोच, असं मात्र समजू नये.

मेजर मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, तेही जन्मभर. एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. आपलं शरीर अन्नातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम लोह घेतं आणि तेवढंच गमावतं. त्याहून जास्त लोह बाहेर टाकण्याची सोयच शरीरात नाही. आवक आहे, जावक नाही. वर्षाला २० पिशव्या धरल्या, तर चार-पाच ग्रॅम लोह आत जातं. धडधाकट प्रौढ माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून तीन-चार ग्रॅमच असतं!

रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन म्हणजे ट्रान्सफेरिन. त्याची क्षमता संपली की लोह मोकळं फिरू लागतं आणि जिथे शिरायला वाट मिळेल तिथे शिरतं. यकृत, हृदय, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी, आणि स्वादुपिंड. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. (नावातलं 'बीटा' दोन्हीकडे आहे, संबंध काही नाही.) या पेशींची बाकी ठेवण उत्तम, पण लोहामुळे तयार होणाऱ्या घातक ऑक्सिजन रेणूंना तोंड देण्याची त्यांची ताकद फार कमी. त्या हळूहळू मरतात.

आधी मात्र वेगळंच घडतं. लोहाने भरलेलं यकृत इन्सुलिनला दाद देईनासं होतं. स्वादुपिंड त्यावर जास्त इन्सुलिन सोडून वेळ मारून नेतं, कधीकधी कित्येक वर्षं. या काळात उपाशीपोटीची साखर बघितली तर ती झकास येते आणि सगळे निर्धास्त होतात. बिघाड दिसतो तो खाल्ल्यानंतरच्या साखरेत.

इथेच नेहमीच्या चाचण्या दगा देतात. मधुमेहाच्या रुग्णांच्या ओठांवर असलेली 'तीन महिन्यांची साखर', म्हणजे एचबीए१सी, तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजते. थॅलेसेमियाच्या मुलाच्या अंगातल्या बहुतेक तांबड्या पेशी मुळात दुसऱ्याच्या! गेल्या महिन्यात ज्याने रक्त दिलं, त्याच्या साखरेचा हिशेब त्या पेशी सोबत घेऊन येतात. मुलाच्या अंगात त्यांना तीन महिने होण्याआधीच नवी पिशवी लागते. आकडा बहुधा खऱ्यापेक्षा कमी येतो, कधी जास्तही. रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलेलं असलं, तरी या मुलांसाठी त्याला फारसा अर्थ नाही. घरच्या ग्लुकोमीटरचंही एक लक्षात ठेवावं: रक्त चढवण्याच्या आधी हिमोग्लोबिन उतरलेलं असताना बरीच यंत्रं साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात.

मग विश्वास कशावर ठेवायचा? ग्लुकोज पिऊन करायच्या जुन्या चाचणीवर. वयाच्या दहा वर्षांनंतर ती दरवर्षी करावी, असा सर्वसाधारण सल्ला आहे. रात्रभर उपाशी राहायचं, सकाळी रक्त द्यायचं, मग वजनाच्या किलोमागे पावणेदोन ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं, जास्तीत जास्त ७५ ग्रॅम. २८ किलोच्या मुलाला ४९ ग्रॅम. ते इतकं गुळमट लागतं की पोरं दुसऱ्या घोटालाच तोंड वाकडं करतात. दोन तासांनी पुन्हा रक्त. साखर १४०च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे धोक्याची पायरी, २०० किंवा वर म्हणजे मधुमेह. शक्य असेल तिथे स्वादुपिंडातलं लोह एमआरआयने मोजतात. त्याचा एक जादा फायदा असा, की स्वादुपिंडात लोह सहसा हृदयाच्या आधी साचतं. स्वादुपिंड स्वच्छ दिसलं, तर हृदयाचीही काळजी बरीच कमी होते.

उपचाराचा गाभा लोह काढण्यातच आहे. पूर्वी एकच औषध होतं, डेस्फेरिऑक्सामिन: पोटाच्या कातडीखाली सुई, कमरेला पंप, रात्री आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री. १९९०च्या दशकात डेफेरिप्रोनच्या गोळ्या आल्या, आणि त्यांना पहिला परवाना भारतात मिळाला, ही गोष्ट आपल्याकडेच फारशी कुणाला माहीत नसते. पुढे २००५च्या सुमाराला दिवसातून एकदा घ्यायचं डेफेरासिरॉक्स आलं. ग्रीसमधल्या डॉक्टरांनी पंप आणि डेफेरिप्रोन यांचा एकत्रित, नेटाने केलेला उपचार ५२ रुग्णांवर वापरून २०१०मध्ये निष्कर्ष मांडले. अंगातलं लोह जवळपास सामान्य पातळीवर आणल्यावर, साखर बिघडलेल्यांपैकी बऱ्याच जणांची साखर सुधारली होती. बीटा पेशी पुरत्या गेल्या असतील तर मात्र इन्सुलिनला पर्याय नाही, आणि ते सुरू झालं तरी लोहाची औषधं थांबवायची नसतात.

अडचण वयाची आहे. साखर बिघडायला लागते त्याच वर्षांत मुलं गोळ्या टाळायला लागतात. चव घाण, पोट दुखतं, मित्रांसमोर नको, आणि एक महिना चुकवला तरी लगेच काही होत नाही. आठवीतल्या पोराला हे सगळं पटवणं डॉक्टरांनाही जड जातं. त्या वयात गोड बंद करण्यावरून रोज भांडण्यापेक्षा घरच्यांनी ती ताकद गोळ्यांसाठी राखून ठेवावी, असं मला वाटतं. साखर वाढली असेल तर सरबतं आणि कोल्ड्रिंक कमी करायला हवीतच. पण आमरसाच्या वाटीने स्वादुपिंडातलं लोह वाढत नाही, आणि ती वाटी काढून घेतल्याने कमीही होत नाही.