इब्राहिम आदिलशहा दुसरा

विजापूरचा सुलतान, कारकीर्द १५८० ते १६२७. आपल्याकडे आदिलशाही म्हटलं की थेट अफझलखानच आठवतो, त्यामुळे त्याआधीची ही सत्तेचाळीस वर्षं बहुतेकांच्या वाचनातून सुटूनच जातात, आणि ते फार वाईट आहे, कारण विजापूरचं खरं वैभव याच काळातलं.

काका अली आदिलशहाचा खून झाला तेव्हा इब्राहिम नऊ-दहा वर्षांचा होता. कारभार काकू चांदबीबी आणि दरबारातल्या सरदारांकडे, त्यांच्यातही सतत मारामाऱ्या, एका सरदाराने तर चांदबीबीला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं होतं. १५९० मध्ये कारभार बळकावून बसलेल्या दिलावरखान या सरदाराला हाकलल्यावर सत्ता खऱ्या अर्थाने इब्राहिमच्या हातात आली.

त्याचा खरा जीव संगीतात. त्याने स्वतः दख्खनी भाषेत गाणी रचली, ती ‘किताब-ए-नौरस’ मध्ये आहेत, प्रत्येक गाणं कुठल्या रागात गायचं तेही दिलेलं. त्यात सरस्वती आहे, गणपती आहे आणि गुलबर्ग्याचे सूफी संत गेसूदराजही आहेत, शिवाय लाडका हत्ती आतशखान आणि तंबोरा मोतीखान यांच्यावरही रचना आहेत! लोक त्याला जगद्गुरू म्हणायचे. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असदबेग विजापूरला आला, त्याने लिहून ठेवलंय की सुलतान फारसीपेक्षा मराठी जास्त सहज बोलतो. हाच असदबेग परत जाताना विजापुरातून तंबाखू घेऊन गेला आणि अकबरासमोर ठेवली, ती गोष्ट फेमस आहे. इतिहासकार फेरिश्तानेही आपला इतिहास याच दरबारात लिहिला.

१५९९ मध्ये त्याने विजापूरच्या पश्चिमेला नौरसपूर नावाचं नवं शहर वसवायला घेतलं. राज्यही वाढवलं, १६१९ मध्ये बिदर जिंकून घेतलं. पण शेवटची वर्षं जड गेली. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र असूनही दोघांना हरवलं आणि मग नौरसपूरवर चाल करून ते लुटलं. भातवडीला शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी अंबरच्या बाजूने लढले, शरीफजी तिथेच पडले, आणि पुढच्याच वर्षी शहाजीराजे अंबरला सोडून याच इब्राहिमच्या चाकरीत गेले. भोसले घराण्याचा विजापूरशी संबंध सुरू झाला तो असा.

टुरिस्ट लोक गोलघुमट बघून परत फिरतात, तो त्याच्या मुलाचा, मुहम्मदचा. इब्राहिमची कबर इब्राहिम रोझ्यात आहे, बायको ताज सुलताना पण तिथेच. आकाराने लहान पण कोरीवकाम कितीतरी सरस, खिडक्यांच्या दगडी जाळ्या अक्षरांच्याच कोरल्यात, म्हणजे उजेड आत येतो तो अक्षरांमधल्या फटींमधून. नौरसपूरचे अवशेष तोरवी गावाजवळ आहेत, त्यातला संगीत महाल पडका असला तरी बघता येतो.