लिंबाची फोड कुठं पिळायची?

रंकाळ्यावर आमच्याबरोबर चालणारे एक काका रोज बाटलीत कोमट लिंबूपाणी आणतात. "पोटात गेलं की अल्कलाइन होतंय बघा, रक्त एकदम साफ, चरबीपण वितळते!" वाद घालायची सोय नाही, निम्मा रंकाळा त्यांच्या बाजूनं.

पीएच म्हणजे आम्लतेचं माप: 7 च्या खाली आम्ल, वर अल्कलाइन म्हणजे अल्कधर्मी. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 3 च्या दरम्यान, म्हणजे चांगलाच आंबट. जठरात आधीच हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. तिथं अर्धं लिंबू म्हणजे पंचगंगेच्या पुरात तांब्याभर पाणी. पचनानंतर लिंबाच्या आम्लातलं सायट्रेट शरीरात जळतं आणि परिणाम किंचित अल्कधर्मी होतो, एवढं काकांचं खरं. पण तो दिसतो लघवीत. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 च्या बाहेर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं जाऊच देत नाहीत. रक्त साफ करायचं कामही मूत्रपिंडांचं आणि यकृताचंच, लिंबाचं नव्हे. लघवीतलं सायट्रेट मात्र कॅल्शियमचे खडे धरू देत नाही, म्हणून काही मुतखडेवाल्यांना डॉक्टर लिंबूपाणी सुचवतात.

चरबी वितळण्याचं म्हणाल, तर ती काही तुपासारखी कोमट पाण्यानं वितळत नाही. उलट त्यात दोन मोठे चमचे मध घातला की सव्वाशेच्या आसपास कॅलरी पोटात.

दातांचं कुणी बोलतच नाही. घरी शहाबादी फरशीवर लिंबाचा थेंब पडू द्या. बारीक बुडबुडे येतात, पुसल्यावर पांढुरका डाग राहतो. फरशी चुनखडीची आणि दाताचं एनॅमल कॅल्शियम फॉस्फेटचं, तरी आम्लापुढं दोघांचीही झीजच. रोज घोटघोट पिणाऱ्यांनी नंतर साध्या पाण्यानं चूळ भरावी आणि ब्रश अर्धा तास लांबवावा. मऊ पडलेल्या एनॅमलवर ब्रश म्हणजे घासकागद.

लिंबाची खरी करामत क जीवनसत्त्वात. 1747 साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरानं स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग) झालेल्या बारा खलाशांवर सहा उपाय करून पाहिले. संत्री-लिंबं मिळालेले दोघं सगळ्यांत लवकर सावरले. शिवाय कडधान्यातलं लोह सहजी अंगी लागत नाही. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व असलं तर बरंच जास्त शोषलं जातं. म्हणजे मटकीवर लिंबू पिळण्यात शास्त्र आहे.

फेरी संपली की आम्ही मिसळ खायला जातो. काका कट दोनदा मागून घेतात, ब्रेड बुडवून ताट चाटूनपुसून साफ करतात. लिंबाची फोड तेवढी कडेला तशीच. "सकाळचा कोटा झालाय की आमचा," म्हणतात.