एमआरआय कोणत्या कार्डावर निघतो? आयुष्मान आणि ईएसआय

घरात ही दोन्ही कार्डं असली की गोंधळ ठरलेलाच. मुलाच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, कापला जातो आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईचं नाव त्यात आहे. आईने सत्तरी ओलांडली, म्हणून तिचं आयुष्मान कार्डही निघालंय. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० आणि त्यापुढच्या वयाच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता ते मिळतं, ईएसआय असला तरी. डॉक्टरांनी तिच्या कंबरेचा एमआरआय लिहून दिला की हात आधी आयुष्मानकडे जातो. वर्षाला ५ लाखांचं संरक्षण, त्यात एका एमआरआयचं ते काय!

पण आयुष्मान भारत ही रुग्णालयात भरती होणाऱ्यांची योजना आहे. ओपीडी तिच्यात नाहीच. सरकार रुग्णालयाला पैसे देतं ते ठरलेल्या पॅकेजचे, म्हणजे अमुक शस्त्रक्रिया किंवा अमुक आजारावरचे उपचार. तपासण्या त्या पॅकेजच्या पोटात येतात. भरतीआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवसही धरले जातात. नुसता एमआरआय काढून घरी यायचं असेल तर पॅकेजच उभं राहत नाही.

खरी मेख पुढे आहे. बऱ्याच पॅकेजना आधी मंजुरी लागते आणि मंजुरीसाठी निदानाचा पुरावा, म्हणजे बहुतेकदा हाच सीटी किंवा एमआरआयचा अहवाल, मागितला जातो. अहवालात ऑपरेशन निघालं आणि त्याच रुग्णालयात ३ दिवसांच्या आत भरती झाली, तर तपासणी पॅकेजमध्ये बसते. अहवालात काहीच निघालं नाही, किंवा गोळ्या आणि व्यायामावर भागणार असलं, तर खर्च आपला. बरी बातमी महाग पडते, असा हा उफराटा हिशोब! बाहेरच्या सेंटरमध्ये आधीच काढलेल्या स्कॅनची पावती दाखवून पैसे परत मिळवायचे म्हटलं तर तेही जमत नाही, कारण योजना कॅशलेस आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना याच्याशीच जोडलेली असल्यामुळे पिवळं-केशरी रेशनकार्ड पुढे केलं तरी गणित तेच राहतं.

ईएसआयचा पिंडच निराळा. हा १९४८ च्या कायद्याने आलेला कामगार विमा आहे. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के त्यात जातात. सर्दीखोकल्यापासून सगळं ईएसआयच्या दवाखान्यात दाखवता येतं आणि तपासणीसाठी भरती व्हावं लागत नाही. दवाखान्यातून कामगार विमा रुग्णालयात पाठवतात. तिथे मशीन नसेल तर करार केलेल्या सेंटरला चिठ्ठी देतात आणि तिथे पैसे मागत नाहीत. वेळ जातो, रांगा लागतात, चिठ्ठीवर सही करणारे साहेब नेमके रजेवर असतात. हे सगळं मान्य. तरी वर्गणी भरलेली असताना स्कॅनला खिशात हात घालणं मला पटत नाही. मात्र चिठ्ठी नसताना परस्पर स्कॅन काढला तर मागाहून बिल मंजूर करून घेणं फार जड जातं.

म्हणजे वरच्या उदाहरणातल्या आईचा एमआरआय ईएसआयमधून काढावा आणि पुढे मोठं ऑपरेशन निघालं तर दोन्ही वाटा पाहाव्यात. ईएसआय नसलेल्यांनी आधी जिल्हा रुग्णालय गाठावं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत, त्याला कुठलंच कार्ड लागत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, त्यांना हा निर्णय लागू नाही.

खासगी रुग्णालयातच जायचं असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, ‘आयुष्मान चालतं का?’ एवढंच विचारू नका. योजनेतलं रुग्णालय असेल तर उत्तर ‘हो’च येणार. विचारायचं ते असं: भरती कोणत्या पॅकेजखाली होणार आहे, हा एमआरआय त्यात धरलाय का, आणि भरती झालीच नाही तर बिल कोणाच्या नावावर फाटणार?