गोंगाटी मायक्रोवेव्ह म्हणजे क्ष-किरण नव्हे

“तपासणीच्या यंत्रातून अंगावर मायक्रोवेव्ह लहरी टाकून कपड्यांआडच्या वस्तू बघतात, म्हणजे अंगात किरणोत्सर्ग शिरतो,” हे जळगावात वर्षानुवर्षं ऐकतोय. साफ चुकीचं आहे. क्ष-किरण अणूतून इलेक्ट्रॉन उडवतात, म्हणून ते घातक. त्याला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या लाखाव्या हिश्शाइतकीही 10 गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हच्या एका फोटॉनात, म्हणजे ऊर्जेच्या एका पुडीत, नसते. आणि मे महिन्यात तापलेली केळीबागेची माती, घराची भिंत, आपलं अंगसुद्धा मायक्रोवेव्हचा मंद गोंगाट, म्हणजे आवाज नव्हे तर विस्कळीत लहरी, सोडतच असतं! यंत्रातला कृत्रिम स्रोत तसाच विस्कळीत गोंगाट जरा जोरात सोडतो, बल्बच्या उजेडासारखा. परतलेल्या लहरींतून चित्र बनतं. एकसुरी लहरींनी चित्रावर ठिपके उठतात. गोंगाटात ते पुसट होतात. चित्रात सदऱ्याच्या खिशातला अडकित्ता चमकतो, कापड जवळपास दिसतच नाही. शक्ती फार वाढवली तर अंग तापतं, धोका तेवढाच. म्हणून मर्यादा ठरवलेल्या असतात.