कबुली बाद, सुरा ग्राह्य

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही खुनाच्या खटल्यात ‘आरोपीने सुरा काढून दिला’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. ही वाट पुरावा कायद्याच्या जुन्या कलम २७ मधून जाते.

मूळ बंदी १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली. मद्रास इलाख्यात वसुलीसाठी आणि कबुलीसाठी होणाऱ्या छळाचा चौकशी अहवाल १८५५ सालीच आला होता. १८७२ मध्ये ही बंदी कलम २५ आणि २६ म्हणून पुरावा कायद्यात गेली, आणि लगेच पुढे २७ चा अपवाद: कोठडीतल्या आरोपीच्या माहितीवरून काही तथ्य उघड झालं, तर त्याच्याशी थेट जोडलेला तेवढाच भाग ग्राह्य.

‘तथ्य’ म्हणजे काय, यावर पाऊणशे वर्षं काथ्याकूट झाला. डिसेंबर १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने, सांगितलं की, तथ्य म्हणजे नुसती वस्तू नव्हे; ती जिथून निघाली ती जागा आणि ती तिथे असल्याची आरोपीला असलेली माहिती. ‘ज्या सुऱ्याने भोसकलं तो छपरात लपवलाय, दाखवतो’ यातलं भोसकणं बाद, लपवणं ग्राह्य. कागदावर छान. पण मेमोरंडम पंचनाम्यात, म्हणजे पंचांसमोर लिहून घेतलेल्या आरोपीच्या निवेदनात, अख्खं वाक्य उतरलेलं असेल, तर न्यायाधीश ते वाचूनच मग अर्धं खोडणार. वाचलेलं कसं विसरायचं, हे १९४६ च्या निकालात नाही.

१९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयात कलम २७ समानतेच्या कसोटीवर बहुमताने टिकलं. पुढच्याच वर्षी तिथल्याच अकरा न्यायमूर्तींनी नुसती कोठडी म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नव्हे, असं ठरवलं. माझ्या मते सगळी गोची इथे आहे. कोठडीत कोण कुणाला स्वखुशीने छप्पर दाखवतो? १९७८ मध्ये गप्प राहण्याचा हक्क पोलीस चौकशीलाही लागू झाला, १९९६ मध्ये अटकेची नियमावली आली, २०१० मध्ये सक्तीची नार्को चाचणी (औषध देऊन बोलतं करणं) बंद झाली. मात्र संमतीने झालेल्या चाचणीतून पुढे काही सापडलं, तर ते २७ खाली आणायला मुभा राहिली.

दहशतवादविरोधी टाडा (१९९५ मध्ये संपला) आणि पोटा (२००४ मध्ये रद्द झाला), तसंच संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का, यांनी तर मूळ बंदीच बाजूला सारली. पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली तिथे पुरावा ठरत होती; मोक्कात आजही ठरते.

२०२२ च्या एका निकालाने पुन्हा बजावलं: निवेदन स्वतंत्र पंचांसमोर, आरोपीच्या नेमक्या शब्दांत नोंदवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमात २७ हे कलम २३ चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेला अपवाद, झालंय, आशय तोच. नव्या प्रक्रिया संहितेने झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं. त्या कलमात झडती आहे, जप्ती आहे. ठाण्यातल्या निवेदनाचा शब्द नाही.